लाल भांडं, लोखंडी गज

माझ्या मुलाच्या डाव्या करंगळीचं टोक वाकडं आहे. तो अडीच वर्षांचा असताना दुकानातल्या ड्रॉवरमध्ये बोट सापडलं, असं घरात सगळ्यांना माहीत आहे. ही गोष्ट मी सांगितलेली आहे. ती खोटी आहे.

गेवराईत आमचं कापडाचं दुकान होतं, मागं घर. त्या वर्षांत बाजारात रोज काहीतरी नवं यायचं. तयार कपड्यांनी आमचं गिऱ्हाईक तोडलं होतं आणि माझं डोकं कायम तापलेलं असायचं. हे कारण म्हणून सांगत नाही. मलाही नवं काही हवं होतं, म्हणून मी औरंगाबादहून मुलाला शी करायचं लाल प्लास्टिकचं भांडं आणलं. तोवर आमच्याकडं लेकराला त्याची आईच पायांवर बसवायची. पाटावर बसून पाय पुढं करायचे, पावलांत फट ठेवायची आणि लेकरू त्यावर उकिडवं.

"पायावर बसतंय की नीट," बायको म्हणाली.

"जग कुठं चाललंय अन् तुझं आपलं पायावरच!"

मुलगा भांड्यावर शिकला. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. मग मुलगी झाली, आणि आईचे पाय तिचे झाले. हा भिंतीला टेकून बघत राहायचा. पंधरा दिवसांत चड्डी ओली व्हायला लागली. मग भांडं शेजारी असताना जमिनीवर शी. आधी मी ओरडलो, मग चापट मारली, मग ओल्या चड्डीत उंबऱ्याबाहेर उभं केलं. हात एकदा सैल सुटला की त्याला रोज कारण सापडतं.

लग्नसराईत चकलांब्याकडचं एक धनगर कुटुंब बस्ता बांधायला आलं होतं. पांढऱ्या गादीवर शालू उलगडलेले. मुलगा आतून आला, गादीच्या मधोमध उभा राहिला आणि मुतला. ओघळ शालूपर्यंत गेला.

"शेटजी, धुऊनच देता व्हय माल?" एक बाई म्हणाली. सगळे हसले.

कापड मोजायचा लोखंडी गज माझ्या हातातच होता. पहिला फटका मांडीवर बसला, दुसरा पाठीवर. तिसऱ्याला त्यानं हात मागं नेला. बारीकसा आवाज आला. तो रडला नाही, भीतीनं पुन्हा मुतला, आणि त्यासाठी मी चौथा मारला.

म्हाताऱ्या धनगरानं माझं मनगट धरलं. "कामून मारतो रे? मेंढीला भ्या घातलं तर ती बी दूध चोरती. हे तर लेकरू हाय." मग घरच्यांना म्हणाला, "उठा. हितं न्हाई घ्यायचं."

डॉक्टरांना मी ड्रॉवर सांगितला. मुलगी खांद्यावर घेतलेल्या बायकोनं माझ्याकडं पाहिलं.

त्यानंतर चड्डी ओली झाली नाही. गज लागू पडला, असं मला वाटलं. हे वाक्य लिहिताना सगळ्यात जास्त लाज वाटते. दोन दिवसांनी कळलं की शीही झालेली नाही. माझ्या चपलांचा आवाज आला की तो धावत जाऊन चड्डीसकट भांड्यावर बसायचा, पट्टी बांधलेला हात मला दिसेल असा वर धरायचा. होत काही नव्हतं. पोट नगाऱ्यासारखं ताठलं, खाणं सुटलं. औषधानंही उतार पडेना. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आज झाली नाही तर बीडला न्या. उशीर करू नका."

घरी येऊन मी भांडं अंगणात नेलं आणि गजानं फोडलं. त्याला बरं वाटेल, अशी माझी समजूत. प्रत्येक फटक्याला तो आईच्या पदरात दचकत होता.

"मोडा," बायको म्हणाली. "ते बी मारूनच मोडा. दुसरं येतंय काय तुमाला?"

तिनं मुलगी माझ्या मांडीवर टाकली. "हिला नुसतं धरा." मग पाट ओढला, पाय पुढं केले आणि त्याला पावलांवर बसवलं. तो आईचे गुडघे धरून किंचाळत होता. ती म्हणत होती, "हाय मी. सोड माझ्या राजा, सोड." अर्धा तास गेला असेल. शेवटी झाली, रक्ताच्या धारेसकट. एवढा वेळ त्याची नजर माझ्या तोंडावर नव्हती. माझ्या हातांवर होती.

बीडला न्यावं लागलं नाही. त्याच्यावर पुन्हा हात उचलला नाही, पण त्यानं आधीचं काही पुसलं जात नाही.

आता त्याचंही लग्न झालंय. मागच्या दिवाळीत सुनेनं जेवताना सहज विचारलं, "हे बोट असं कशानं हो?"

"ड्रॉवरमध्ये सापडलं होतं," तो म्हणाला. बोलताना तो माझ्या हातांकडं बघत होता.

मी भाकरी मोडत राहिलो. बायकोनं माझ्या ताटात न मागता वरण वाढलं. त्याला किती आठवतं, ते मला ठाऊक नाही. विचारायची छाती झाली नाही, म्हणून हे लिहून काढलं. पहिल्यांदा त्याच्याच हातात देणार आहे.