नळाकडून तिसरी खोली

वकील व्हायचंय म्हणता? मग तो चहा ओता आणि माझ्या पहिल्या केसची फजिती ऐका. काळा कोट अंगावर चढला की डोक्यात कसली हवा शिरते, ते कायद्याच्या पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही.

फाळणीनंतरची दोन-तीन वर्षं. मी बदलापूरचा, नवा कोरा वकील, कल्याणच्या कोर्टात नानासाहेबांच्या हाताखाली. त्यांनी एक दिवस अख्खी केस माझ्या हातात ठेवली. अहो, आनंदाने घास उतरेना मला.

पक्षकार पार्वतीबाई. सिंधमधून आलेल्या, विधवा, पदरात दोन मुली. उल्हासनगरच्या कॅम्पात बराकीतली एक खोली, तेवढाच संसार. त्या इस्पितळात असताना शेजाऱ्याने मधलं पत्र्याचं पार्टिशन सरकवलं आणि चार हात जागा गिळली. बिचारीची चूल उघड्यावर आली होती.

नानासाहेब म्हणाले, "आधी जागा बघून ये. आणि बाईंना बरोबर ने."

"त्यांना कशाला त्रास? पत्ता आहे की. नळाकडून तिसरी खोली."

गेलो. कोट, टेप, वही, सगळा थाट. बराक सापडली, नळ सापडला, तिसरी खोलीही सापडली. दारात एक गृहस्थ होते, खूबचंद नावाचे. मला वाटलं, बाईंचे कोणी नातेवाईक असतील. म्हटलं, "नाप लेना है." त्यांनी लगेच पाणी आणि भाजलेला पापड पुढे केला. टेपचं दुसरं टोकही धरलं. मी आकडे खणखणीत आवाजात वाचत होतो. वाटलं, केस जिंकलीच.

तारखेला उभा राहिलो आणि काय बोललो, काय बोललो! न्यायाधीशांपुढे नकाशा पसरला. ही खिडकी, हा कोनाडा, एक इंच इकडे-तिकडे नाही.

समोरचे वकील वयस्कर, शांत. म्हणाले, "बाईंनाही दाखवा ना जरा."

पार्वतीबाईंनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "वकीलसाब, ये मेरा घर नहीं है. मेरे को तो खिडकीच नहीं है."

बराकीला दोन टोकं, दोन्ही टोकांना नळ. मी भलत्याच नळापासून मोजलं होतं. कोर्टात, बराकीतून आलेल्या मंडळींसकट, असे हसले लोक, की मला कोटात तोंड लपवावंसं वाटलं. आणि त्या माउलीचं घर माझ्यामुळे जाणार, ही धास्ती वेगळीच.

पण बाई खमक्या. त्यांनी पिशवीतून सुतळी काढली. खोली मिळाली त्याच दिवशी मोजून गाठ मारून ठेवली होती. कोर्टाने माणूस पाठवला. सुतळीची गाठ जिथे आली, तिथेच जुन्या पार्टिशनच्या खांबांचे खड्डे निघाले. बाईंना जागा परत मिळाली. त्यात माझं कर्तृत्व एवढंच, की मी तेव्हा गप्प बसलो होतो.

आठवड्याने कोर्टाच्या ओट्यावर कोण यावं? खूबचंद! म्हणाले, "साब, आपने नापा तब पता चला. मेरी खोली भी दो हाथ कम है. केस करना है."

माझी छाती अशी फुगली म्हणता! रुमालाने बाक पुसला, म्हटलं, "बैठिये, बैठिये."

ते काही बसले नाहीत. इकडेतिकडे बघत म्हणाले, "वो दूसरा वकील किधर बैठता है? जिसने उस दिन आपको पकडा था?"