काकू मंडळात काहून येत नाहीत?

चार माणसं एकच पुस्तक वाचायला बसली की पुस्तक बिचारं मागे राहतं आणि किस्से पुढे निघून जातात. गोंदिया आमच्या जिल्ह्यातून वेगळं झालं त्या सुमारास सिहोऱ्यात आमचं वाचक मंडळ सुरू झालं. दर रविवारी दुपारी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. तेव्हापासून पुस्तकं किती संपली ते सांगता येणार नाही, किस्से मात्र मावत नाहीत.

त्यातलं एक वर्ष खास. त्या वर्षी आम्ही 'माणूस जे करतो ते का करतो' या विषयावरचं एक जाडजूड पुस्तक घेतलं होतं. वाचणारे आम्ही चौघं. मी शाळामास्तर, म्हणून सगळ्यांचा 'सर'. वंदनाताई अंगणवाडीच्या. गोपालभाऊंचं बी-बियाण्याचं दुकान. आणि मोटघरे काका, चिखल्याच्या खाणीतून नुकतेच रिटायर झालेले. आम्ही तिघं हौसेनं वाचत होतो, काका मात्र गरजेनं! त्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

"सर, जिंदगीभर डबा घेऊन पाळीवर गेलो. आता वाटते, दोघंही एका बाकावर बसू, एक पुस्तक वाचू. पण तुमची काकू मंडळात येतच नाही. काहून येत नसन?"

हे विचारताना काकांचा आवाज जरा ओला व्हायचा. आम्हालाही मनापासून वाटायचं, काकूंनी यावं.

* * *

वाचताना महत्त्वाच्या ओळीखाली पेन्सिलीनं हलकी रेघ मारायची, असं ठरलं होतं. पुढच्या रविवारी गोपालभाऊंनी पुस्तक आणलं तर पहिलं प्रकरण रेघांनी भरलेलं! एक ओळ सुटली नव्हती.

"भाऊ, हे काय?"

"सर, मले सारंच महत्त्वाचं वाटून राहिलं!"

वंदनाताईंनी शांतपणे पुस्तक मिटलं. "मंग पेन्सिल कायले झिजवता भाऊ? कव्हरावर नावाखाली एक रेघ मारा, झालं!"

* * *

मग मी नवा नियम काढला. वाचून झालं की पुस्तक बंद करायचं आणि जे कळलं ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं. मोठ्या ऐटीत सांगितलं. उदाहरण म्हणून माझंच जुनं टिपण उघडलं. पानावर एवढंच होतं: 'फारच महत्त्वाचे! विसरू नये!!'

काय विसरू नये, ते काही केल्या आठवेना.

"असू द्या जी सर," वंदनाताई म्हणाल्या, "विसरू नये, एवढं तं ध्यानात राहिलं!"

* * *

नियम सगळ्यात मन लावून पाळला तो काकांनी. एका रविवारी त्यांनी टिपण वाचून दाखवलं: 'माणसाच्या गरजा पायरी पायरीनं चढतात. पोट भरलं की माणूस ज्ञानाकडे वळतो.'

"सर, चुकलं कुठं ते घावलं मले! तिले सैपाकातून सवडच नाही."

पुढच्या रविवारी सकाळीच काका स्वयंपाकघरात. भात केला, वरण केलं, वांग्याची भाजी केली, काकूंना आग्रह करकरून वाढलं. दुपारी काका एकटेच आले.

"काय झालं काका?"

"पोटभर जेवली, चटई टाकली आन् झोपली. सर, पोटाच्या वरची पायरी झोपेची हाय. लिहिणाऱ्याकडून सुटली वाटते!"

* * *

बक्षिसाचं प्रकरण आलं तेव्हा वंदनाताईंनी अंगणवाडीतली गोष्ट सांगितली. खिचडी संपवणाऱ्या पोरांच्या हातावर त्या पेनानं चांदणी काढायच्या. आठवडाभर ताटल्या चाटूनपुसून साफ! मग एक दिवस एका चिमुरडीनं हात पुढे केला. हातावर चांदणी आधीच काढलेली.

"म्याडम, मी घरूनच काढून आणली. आता खिचडी नाई खात!"

आम्ही पोट धरून हसलो. काका तेवढे हसले नाहीत. आदल्याच आठवड्यात त्यांनी काकूंना नवी साडी आणली होती, मंडळात येताना नेसायला म्हणून. काकू ती नेसून करडीला बहिणीकडे गेल्या आणि तिकडेच राहिल्या चार दिवस.

* * *

गोपालभाऊंचा तोडगा तर दुकानात सिद्ध झालेला. "काका, गिऱ्हाईकाले म्हणा, हे बियाणं तुमच्यासाठी नाही. तेच मागते! काकूले सांगून पाहा, येऊ नको म्हणून."

काकांनी घरी जाऊन करड्या आवाजात सांगितलं, "या रविवारी तू मंडळात बिलकुल यायचं नाही!"

काकू म्हणाल्या, "बरं."

* * *

शेवटी वंदनाताईंनीच विचारलं, "काका, काकूले कधी सिधं इचारलं का, काहून येत नाही म्हणून?"

"इचारायचं कायले? मी पुस्तकातून काढून राहिलो ना!"

त्या रविवारी खोलीला कुलूप लावून आम्ही सगळे काकांच्या घरी गेलो. काकूंना फार आनंद झाला. लगबगीनं त्यांनी चहा ठेवला. काका आतबाहेर करत होते. "अद्रक जास्त नको टाकू. तो डबा तिथं नको ठेवू, इथं ठेव. ग्यास बारीक कर, उतू जाईन." काकू हूं हूं करत होत्या. चहा मात्र झकास झाला होता.

वंदनाताईंनी विषय काढला. "काकू, काकाची लय इच्छा हाय. तुमी मंडळात काहून येत नाही?"

काका सरसावून बसले. टिपणाची पेन्सिल खिशातून हातात आली.

"मले काई तुमच्या मंडळाचा राग नाही बापा," काकू म्हणाल्या. "उलट लय चांगलं काम हाय तुमचं. यांचं मन रमते तिथं. मलेच तुमाले एक इचारायचं होतं."

"विचारा ना काकू!"

काकूंनी काकांच्या हातातला रिकामा कप घेतला, आणि अगदी प्रेमानं म्हणाल्या,

"मंडळ हप्त्यातून दोनदा नाही का हो भरवता येत?"