छातीतलं पाणी आणि काळ्या कानाचा गिनीपिग

भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणारा मी माणूस. उमेदीची सगळी वर्षं लॅबमध्ये गेली, डोळ्यांना दिसेल तेच खरं! तरी हे लिहितोय...

दुसरं महायुद्ध चालू होतं. कर्जतला, दहिवलीच्या वाटेवर आमच्या डॉक्टरांचा दवाखाना, आणि मी तिथला लॅब असिस्टंट. छातीत पाणी झालेल्या पेशंटचं पाणी सुईने काढायचं, अर्धं मायक्रोस्कोपखाली बघायचं, अर्धं गिनीपिगच्या मांडीत टोचायचं — क्षयाचे जंतू कुठल्या पद्धतीने जास्त सापडतात, हे डॉक्टरांना ताडून बघायचं होतं. स्लाइडचा निकाल त्याच दिवशी, गिनीपिगचा महिना-दीड महिन्याने.

लोधिवलीची सखू आली तेव्हा तिचं पोर चार महिन्यांचं होतं. तिचा एकच प्रश्न, "दादा, याला पाजू ना?"

तिच्या पाण्याच्या तीन स्लाइड मी डोळे फुटेस्तोवर बघितल्या. एकही जंतू नाही. डॉक्टर म्हणाले, खुशाल पाज. ती हसत घरी गेली.

अठराव्या दिवशी भर दुपारी ती पुन्हा दारात! सोबत सासू, सासूच्या कडेवर रडून लाल झालेलं पोर.

"दादा, त्या काळ्या कानाच्याला बघा. जांगंत गाठ हाय त्याच्या."

गिनीपिग मागच्या कुलूपबंद खोलीत, किल्ली माझ्या कमरेला. तिने ते जनावर कधी पाहिलंच नव्हतं. तिचं पाणी एखाद्या जनावराला टोचलंय, हेही कुणी तिला सांगितलं नव्हतं.

"बाय, तुला कुणी सांगितलं गं?"

"कुनी नाय. सकाळी याला पाजाया घेतलं, नि डोळ्यांम्होरं आलं."

धावत जाऊन पिंजरा उघडला. काळा कान तिच्याच गिनीपिगचा. जांघेत बोट लावलं — हरभऱ्याएवढी टणक गाठ! डॉक्टरांनी गाठ कापून स्लाइड केली... लाल काड्यांसारखे जंतू, ढिगाने.

डॉक्टर माझ्यावरच उखडले, "तूच काहीतरी बोलला असशील!" अहो, बोलायला मला तरी कुठे ठाऊक होतं?

सखू त्यानंतर वर्षभरच जगली. पोर मात्र वाचलं. तिला ते कसं दिसलं, मला आजही सांगता येत नाही.

त्या दुपारी निकाल सांगायला मी बाहेर आलो. तिने विचारलंही नाही. सकाळपासून तिने पोराला अंगाला लावलं नव्हतं. सासू त्याला वाटीतलं गाईचं दूध पाजत होती, आणि सखू समोर बसली होती — चोळी दुधाने भिजलेली, अन् पोराकडे जाऊ नयेत म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले.