गोठ्यातला ग्रेट डेन

“काय पाजलंत याला?” मी विचारलं.

“गोडंतेल,” भाऊसाहेब म्हणाले. “गाय फुगल्यावर पाजतो तसंच, नळीनं. आन् मग लई चालवला.”

भाऊसाहेब म्हणजे शेवगावजवळचे दूध उत्पादक. त्यांच्या गोठ्यातल्या सगळ्या जर्सी गाई माझ्या पेशंट. आज मात्र त्यांच्या टेम्पोत हिरा आडवा पडला होता. हिरा म्हणजे त्यांचा ग्रेट डेन. तोंडाला लाळेच्या तारा, सारखा उलटीला जोर करत होता आणि बाहेर काहीच पडत नव्हतं. पोट ताणून कडक झालेलं. मी टिचकी मारली, तर हलगीसारखं वाजलं. हिरड्या पाहिल्या, पांढऱ्या पडत चालल्या होत्या.

ग्रेट डेन ही जात रानडुकरांच्या शिकारीसाठी वाढवलेली. नावात डेन्मार्क असला तरी हिचं घराणं जर्मनीचं. उभा राहिला की आपल्या कमरेला लागतो. शिकार केव्हाच सुटली, उरला तो निव्वळ मायाळूपणा. हिराचे कान वासरं चघळायची आणि हा डोळे मिटून बसायचा. राखणीला आणलेला कुत्रा, पण चोर आला तर त्याच्या मांडीवर जाऊन बसेल, अशी चेष्टा मी नेहमी करायचे. भाऊसाहेबांच्या पत्नी सुशीलाबाई सुरुवातीला कुरकुरायच्या, एवढ्या खाण्यात एक म्हैस पोसली असती म्हणून. त्याच सुशीलाबाई आता त्याचं डोकं मांडीवर घेऊन टेम्पोत बसल्या होत्या.

सकाळी हिराने घमेलंभर दूध-भाकरी एका दमात संपवली होती. लगेच मोटारसायकलमागे पळत शेतात गेला होता. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत इथेच घात होतो. भरलेलं पोट आत झोके घेतं आणि स्वतःभोवती पीळ खातं. मग वरचं तोंड बंद, खालचंही बंद. गॅस कोंडतो, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रा दगावतो. गाईची साधी पोटफुगी तेलाने उतरते. इथे तेलाला आत जायलाच वाट नसते. उलट ते फुप्फुसात गेलं तर आणखी पंचाईत.

मी पुढच्या दोन्ही पायांना सलाईन लावलं. कुशीवरचे केस काढून जाड सुई घातली. सुस्स करून गॅस निघाला, पोट खाली बसलं. भाऊसाहेबांचा चेहरा खुलला. म्हणाले, झालं की, आता घरी नेतो. पीळ अजून तसाच आहे, पोट परत फुगणार, हे मला त्यांना दोनदा समजवावं लागलं.

पुण्याच्या माझ्या सरांना फोन लावला. कॉलेजात सर्जरी त्यांनीच शिकवलेली. माझ्या असिस्टंटने, रफिकभाईने, फोन स्पीकरवर धरला.

“रेफर कर इकडे,” सर म्हणाले.

“पोचणार नाही, सर. हिरड्या पांढऱ्या पडल्यात.”

“गॅस्ट्रोपेक्सी केलीयस कधी?”

गॅस्ट्रोपेक्सी म्हणजे पीळ सोडवून पोट आतून बरगडीमागच्या भिंतीला शिवून टाकायचं, म्हणजे ते पुन्हा फिरत नाही.

“कुत्र्यात नाही. गाईत करते.”

हे खरं होतं. व्यालेल्या संकरित गाईचं चौथं पोट कधीकधी जागा सोडतं. ते जागेवर आणून टाक्यांनी बांधायचं काम मी गोठ्यागोठ्यात, शेणात उभी राहून केलेलं आहे. त्यावरून बॅचचे मित्र मला अजून ‘गाईची डॉक्टर’ म्हणून चिडवतात.

सर म्हणाले, “हात धू. मी फोनवर आहे.”

मी भाऊसाहेबांना स्पष्ट सांगितलं, भूल देतानाही जाऊ शकतो. ते सुशीलाबाईंकडे बघायला लागले.

“करा बाई,” त्या म्हणाल्या. “न्हाई उठला तर तुमाला बोल न्हाई.”

हिरा टेबलावर मावेना. मागच्या पायांखाली वेटिंगचा बाक लावला. पोट उघडलं तेव्हा पीळ स्पष्ट दिसत होता. सर सांगत होते, मी करत होते, रफिकभाई श्वास मोजत होता. एका बेताने पोट फिरवलं आणि ते जागेवर आलं. कड जांभळी पडली होती. आम्ही थांबलो. हळूहळू ती गुलाबी व्हायला लागली. इतका सुंदर रंग मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि हे म्हणताना मला जराही संकोच वाटत नाही. पुढचे टाके कोणाला सांगावे लागले नाहीत. हातांना ते पाठ होते.

अशा ऑपरेशननंतर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून हिराला काही दिवस दवाखान्यातच ठेवलं. तो स्वतःच्या पायांनी टेम्पोत चढला, तेव्हा सुशीलाबाईंनी पदराने डोळे पुसले. मीही पुसले. घरी नेताना ताकीद दिली: जेवण थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा, खाल्ल्यावर आणि खाण्याआधी तासभर पळापळ बंद, झोपायला जाड गादी, नाहीतर एवढ्या वजनाने कोपरं सोलवटतात.

सरांनी टाक्यांचे फोटो मागवले, विद्यार्थ्यांना दाखवायला. कोणी केलं म्हणून सांगू, असं विचारलं. मी म्हटलं, गाईच्या डॉक्टरने.

भाऊसाहेबांना मात्र बजावलंय, कुत्र्याला गाईचं औषध पुन्हा पाजायचं नाही. गाईचे टाके चालतात.