उलटी टाकलेली बाज

आमच्या घरची बाज बाभळीची, सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळची. वीण मात्र थोरल्या मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या मोठ्या भावाच्या हातची. सुंभाची अशी चौकड्यांची वीण, की पाहुणे बसायच्या आधी वाकून बघायचे. तिचं दुखणं एकच. सुंभ ढिला पडतो, पायथ्याची दोरी सारखी ओढून ताणावी लागते. आणि माझे सासरे महाआळशी! त्यांनी बाजारातून नायलॉनची निळी पट्टी आणली आणि भावाची वीण सरळ कापून टाकली.

थोरले मामा असे भडकले! "तुझ्या अंगणात पाय ठेवला तर बापाचं नाव सांगणार न्हाई!" दोन वर्षं पलीकडच्या गल्लीत राहून भावाचं तोंड बघितलं नाही. सासरे रोज संध्याकाळी बाजेवर बसून रस्त्याकडे बघायचे. विचारलं तर म्हणायचे, "वारं खातो." कसलं वारं न् कसलं काय! भावाशिवाय चहा गोड लागत नव्हता, पण सांगायला जीभ झडत होती.

मागच्या उन्हाळ्यात बाजेच्या सांध्यांत ढेकूण झाले. सासरे अंघोळीला गेले तशी मी बाज अंगणात उलटी टाकली, उकळतं पाणी ओतलं आणि तशीच सोडून भाकरी थापायला बसले. घरात माणूस गेलं की बाज उलटी टाकतात, हे पुण्यात वाढलेल्या मला कोण सांगणार?

रस्त्यावरून कुणीतरी उलटी बाज बघून पलीकडच्या गल्लीत बातमी नेली असणार. थोड्या वेळानं अंगणात हंबरडा! थोरले मामा अनवाणी, बाजेचा पाय धरून रडत होते. "धाकल्या, न सांगता गेलास रे! मी लई वंगाळ वागलो रे!" मागे अर्धी गल्ली. तेवढ्यात न्हाणीचं दार उघडलं आणि डोक्यावर साबणाचा फेस घेऊन सासरे बाहेर आले.

"दादा, कोण गेलं?"

मामांनी डोळे पुसले. "मेला न्हाईस तर बाज कशाला उलटी टाकली रं?"

"ढेकूण झालेत," मी म्हणाले. बाया खो खो हसल्या. मामांचं तोंड एवढंसं झालं.

"मी काय तुझ्यासाठी रडत न्हवतो. बाजंसाठी रडत होतो. काय दशा केलीस तिची!" असं म्हणून ते फाटकाकडे वळले.

मला वाटलं, आज गेले तर हा माणूस पुन्हा येत नाही. सासरे तसेच ओल्या अंगानं आत गेले, विळा आणला आणि सगळ्यांदेखत ती निळी पट्टी कापायला बसले.

मामा फाटकात थांबले. वळून विळ्याकडे बघितलं, मग तरातरा परत आले.

"आरं, लाकूड चिरशील! दे तो विळा इकडं."