भोंग्याच्या टिचक्या

माझ्या धाकट्या दिराला सगळे भोंगा म्हणत. मी भावजी म्हणते, एवढाच काय तो फरक. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. काचेची एक खोली, टेबलावर मान वाकडी करून उभा असलेला माईक, आणि बाहेर पत्र्याच्या छपराखाली ताटकळलेली माणसं. खुर्चीत बसलं की आधी माईकवर नखाने दोन टिचक्या मारायच्या, बाहेरच्या कर्ण्यातून टक् टक् आलं की नाही ते ऐकायचं, आणि मगच काय ते बोलायचं. सुरुवातीला एकदा माईक चालू आहे हे लक्षात न आल्याने साहेबांबद्दलचं त्यांचं मत सगळ्या प्रवाशांना ऐकायला मिळालं होतं. तेव्हापासून टिचक्या. ही सवय अंगात इतकी मुरली की घरी फोन उचलला तरी आधी त्याच्यावर टिचक्या. पलीकडच्याच्या कानाचं काय होत असेल ते तोच जाणे.

मी तेव्हा कॉलेजात शिकवायला रोज त्याच स्थानकावरून जात असे. एकदा छत्री बाकावर राहिली आणि मी गाडीत जाऊन बसले, तर कर्ण्यातून अतिशय गंभीर आवाजात घोषणा झाली की आमच्या वहिनी आपली छत्री याही वेळी विसरल्या आहेत. अख्खी गाडी हसली. मी चिडून त्यांच्याशी अबोला धरला, पण त्यांना त्याचा पत्ताच लागला नाही. ते घरी आले की दुसऱ्या कोणाला बोलायला सवड मिळायचीच कुठे?

माझे यजमान गेले तेव्हा भावजी आणि माझी जाऊ टेम्पो घेऊनच आले. राहायला येता का, असं विचारलंसुद्धा नाही. आधी माझी पुस्तकांची कपाटं चढवली, मग मला म्हणाले, चला. पुढे माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, वाचायला बंदी आली, तर रोज सकाळी पेपर वाचून दाखवायला लागले. पहिल्या पानापासून निविदा-सूचनांपर्यंत सगळं गाडी सुटायच्या सुरात. मला कुठे एवढा धीर? मी मधेच म्हणायची, पुढे. हे राहू द्या, पुढे. जाऊ समोर बसून फोनवर त्याचे व्हिडिओ काढायची आणि हसायची. माझे डोळे सुधारले तरी ते वाचन बंद झालं नाही. आता दिसतंय हे मी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

मग त्यांच्या घशाचं दुखणं निघालं. स्वरयंत्र काढावं लागलं. माणूस वाचला, आवाज गेला. आता ते नुसते ओठ हलवून बोलतात आणि आम्ही दोघी वाचतो. मी घाई करते म्हणून चुकीचं वाचते, मग ते कपाळाला हात लावतात. त्यांच्या लेकीला मुलगी झाली ती या सगळ्यानंतर. लेक राहते दूर. ती पोरीला घेऊन पहिल्यांदा येणार असं ठरलं, तेव्हा भावजींनी जाऊपाशी एकच गोष्ट मागितली: नातीला माझा आवाज ऐकव.

मागितलं ते योग्य माणसापाशी. जाऊ घरबसल्या व्हिडिओ जुळवून देते. दुकानांच्या जाहिराती, शाळांची संमेलनं, असलं काही. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला तिचा लॅपटॉप असतो, दुसऱ्या टोकाला आमची ताटं. तिचे वायरचे हेडफोन नुकतेच मोडले होते आणि लेकीने नवे वायरलेस पाठवले होते. ते कानावर चढवून ती पेपरवाचनाचे व्हिडिओ घेऊन बसली, आणि बसता बसता तिचा चेहरा उतरला. भावजींचा आवाज बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा येत होता. फोनवर गाणं लावून पाहिलं तर त्याच हेडफोनमध्ये ते सुरेख वाजत होतं. म्हणजे हेडफोन ठीक, बिघडलंय ते आपलं रेकॉर्डिंगच, असा तिने अर्थ काढला. मलाही तो पटला.

मग तिने दुरुस्तीचा सपाटा लावला. आवाज उजळवायचा, धार लावायची, एकेक तुकडा घेऊन तेच. हेडफोनमध्ये जरा बरं वाटायला लागल्यावर टीव्हीवर लावलं, तर ताटावर चमचा ओढल्यासारखी किंचाळी. मूळचा तुकडा टीव्हीवर लावून पाहावा, हे आम्हा दोघींना सुचलं नाही. जाऊ स्वयंपाकघरात येऊन माझ्याशेजारी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "जाऊबाई, आवाज वापरण्यासारखा नाहीच हो. मी नुसतं संगीत लावते आणि खाली अक्षरं देते. यांना कसं सांगू?"

सांगायची गरज पडली नाही. ते दारातच उभे होते. कान त्यांचे शाबूत आहेत.

ते लॅपटॉपपुढे जाऊन बसले. स्वतःचा आवाज शेवटचा एकदा ऐकून घ्यावा, असं मनात असेल. हेडफोन हातात घेतला आणि सवयीने, अगदी सवयीने, त्याच्यावर नखाने दोन टिचक्या मारल्या. जाऊने खटपट करताना आवाजाच्या सेटिंगची चौकट उघडीच ठेवली होती. तिच्यातली एक हिरवी पट्टी दोनदा उसळली. भावजींनी भुवया वर केल्या. पुन्हा टिचक्या, पुन्हा पट्टी उसळली. मग त्यांनी आमच्याकडे वळून ओठ हलवले. या वेळी मीसुद्धा बरोबर वाचलं.

"माईक चालू आहे."

"माईक कशाला चालू असेल?" जाऊ म्हणाली. "मी कुठे काय बोलतेय?" आणि बोलता बोलताच थांबली. हेडफोन लावून लेकीशी फोनवर बोलते तेव्हाही लेकीचा आवाज असाच बादलीतून येतो, हे तिला आठवलं. हेडफोनला ऐकवायचं आणि ऐकायचं अशी दोन्ही कामं एकदम लावली की तो फोनपुरता, कसाबसा आवाज देतो. व्हिडिओ जुळवायचं सॉफ्टवेअर उघडलं की ते कोणी न सांगता हेडफोनचा माईक स्वतःसाठी घेऊन बसत होतं. तिने सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. इनपुटसमोर हेडफोनचंच नाव. ते काढून तिथे 'काही नाही' निवडलं, आणि लावलेल्या सगळ्या धारा उतरवून तुकडा चालू केला.

तिने आधी स्वतः ऐकलं. हेडफोन काढून नवऱ्याच्या कानावर ठेवला आणि त्यांच्या खांद्यावर हात टेकून उभी राहिली. ते ऐकत राहिले, बराच वेळ. मग माझी पाळी आली. पुलाच्या कामाची निविदा होती. आवाज असा भरदार, की मी खुर्चीत सरळ होऊन बसले. सादर करण्याची अंतिम तारीख येणार, इतक्यात एक खेकसणं आलं: पुढे.

मी जाऊला म्हटलं, हे माझं तेवढं काप बाई, शोभत नाही. ती कापायलाही निघाली. भावजींनी तिचा हात धरला.

"वहिनी राहू देत," त्यांचे ओठ म्हणाले. "त्यांच्यासाठीच वाचत होतो."

मी चष्मा पुसायला आत गेले.

लेक आली, नात आली. पोरीला आजोबांच्या मांडीवर बसवून टीव्ही लावला. आवाज सुरू झाला तशी ती हातातलं बिस्कीट विसरून बघत राहिली. पडद्यावर बघे, वर वळून त्यांच्या तोंडाकडे बघे. लेक रडत होती, जाऊ तिला गप्प करत होती. मग माझं 'पुढे' आलं आणि पोरगी खदखदून हसली. तेवढंच पुन्हा लाव म्हणून हात नाचवायला लागली. भावजींचे खांदे हसण्याने हलत होते. त्यांनी माझ्याकडे बघून ओठ हलवले, "पुढे?" आणि मी त्यांचं काय देणं लागते ते एका दमात सांगता येईना, म्हणून मी फक्त म्हटलं, "वाचा भावजी. मला घाई नाही."