फोटो हटणार नाही

"गाणं छान आहे. आवाजही छान आहे. फक्त कव्हरवरून ताईंचा फोटो हटवा," रोहित म्हणाला.

तो पुण्यात, व्हिडिओ कॉलवर. मी नागपुरात, नंदनवनच्या माझ्या स्टुडिओत. आणि ज्या ताईंचा फोटो हटवायचा होता त्या माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होत्या. हे त्याला दिसत नव्हतं, कारण कॅमेरा माझ्याकडे होता. मी कॅमेरा वळवला.

मी साउंड रेकॉर्डिस्ट. स्टुडिओ म्हणजे घराची मागची खोली. भिंतींना जुन्या गाद्या लावल्यात, तरी शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की टेक पुन्हा घ्यावा लागतो. इथे भजनी मंडळं येतात, रॅपवाली पोरं येतात. सगळ्यांचं मी ऐकतो, क्वचितच मान वर करतो. मंगलाताई गायला लागल्या तेव्हा मी मान वर केली होती.

त्यांचं इतवारीच्या बाजारात भांड्यांचं दुकान. नवरा गेल्यावर त्यांनीच चालवलं. भांडं विकलं की त्यावर नाव टाकून द्यायचं, ही तिथली रीतच. छोटी मशीन किर्र आवाज करत स्टीलवर अक्षरं काढते. वर्षानुवर्षं ही नावं टाकता टाकता ताईंनी एक गाणं रचलं: 'गंज माहा, नाव कोनाचं?' गंज म्हणजे आमच्याकडे भाजी-वरणाचं पातेलं. बाई जन्मभर त्यात डाव फिरवते आणि त्यावर नाव असतं सासऱ्याचं, नाहीतर नवऱ्याचं. गाणं चेष्टेने सुरू होतं आणि तिसऱ्या कडव्यात चेष्टा थांबते.

आता गाणं लोकांपर्यंत न्यायला कंपनी लागत नाही. डिस्ट्रिब्युटर नावाची सेवा असते. तिला गाणं आणि कव्हर, म्हणजे गाण्यासोबत दिसणारं चौकोनी चित्र, पाठवलं की ते सगळ्या ॲपवर चढतं. चढणं सोपं आहे. ऐकलं जाणं वेगळं. पंधरा दिवसांत आमचं गाणं एकेचाळीस वेळा वाजलं होतं आणि त्यातलं निम्मं मीच वाजवलं होतं, आवाज तपासायला. म्हणून प्रमोशन करणाऱ्या रोहितला धरलं.

"एआयने एक मुलगी बनवू," रोहित सांगत होता. "नऊवारी, नथ, एकदम फ्रेश. आणि गंजच्या जागी पातेलं करा. इकडे गंज म्हणजे लोखंडाला लागतो तो."

"आन आवाज?" ताईंनी विचारलं.

"आवाज तुमचाच ठेवू ना."

"मंग तोंड काहून माहं नाही?"

"ताई, लोकांना रिलेट व्हायला हवं."

"दिवसभर बाया माह्या तोंडाकडे पाहूनच भांडे घेऊन राहिल्या. त्याह्यले तर काही झालं नाही!"

मी कॉल कट केला. मला राग आला होता, आणि तो बरोबर होता. त्यानंतर मी जे केलं ते बरोबर नव्हतं.

झालं असं. मी ताईंना विचारलं, "हे गाणं तुमी कोनासाठी म्हनता?" हा प्रश्न खरं तर रेकॉर्डिंगच्या आधी विचारायचा असतो. 'सगळ्यांसाठी' असं उत्तर आलं की समजावं, अजून कोणासाठीच नाही. ताईंचं उत्तर तयार होतं. "दुकानात येनाऱ्या बायांसाठी." संक्रांत तोंडावर होती. हळदीकुंकवाच्या वाणाला शेकड्याने वाट्या लागतात आणि त्या इतवारीतूनच जातात. मला युक्ती सुचली: प्रत्येक वाटीत एक कार्ड ठेवायचं, कार्डावर ताईंचा फोटो आणि क्यूआर कोड. मोबाइल धरला की गाणं सुरू. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो. माझ्या बायकोच्या मैत्रिणीला, कल्पनाताईंना फोन लावला. त्या प्रतापनगरच्या एका महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी दोनशे वाट्या लगेच सांगितल्या.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

"मंगलाताईले हळदीकुंकवाले बोलावतात का हो कोनी?"

अहो, तीन महिने ती बाई माझ्यासमोर माइकवर उभी होती. तिचा श्वास कुठे तुटतो हे मला पाठ होतं. आणि नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुरुषाला ते लक्षात ठेवावं लागत नाही, एवढंच त्याचं कारण.

कार्ड छापून आलं, नमुना कल्पनाताईंना पाठवला आणि त्यांचा फोन आला.

"भाऊजी, गाणं मला आवडलं. मी काही जुन्या विचारांची नाही. पण मंडळात दहा जणी दहा प्रकारच्या. सवाष्णींच्या वाणात हा फोटो... तुम्ही फोटो काढून टाका. नाव पण नको. नुसता तो कोड ठेवा."

आता माझी लाज सांगतो. मी इतवारीत गेलो आणि ताईंना म्हणालो, "कल्पनाताईंना फोटो नको, नाव बी नको. या वेळी दोन्ही काढून टाकू ना. दोनशे घरांत गाणं जाते. एकदा लोकांनी ऐकलं की मंग तुमचं नाव सांगू."

ताई एका डब्यावर नाव टाकत होत्या. मशीन बंद केली.

"भाऊ, तो पुन्याचा म्हने, गाणं पायजे, तोंड नको. ह्या म्हनतात, गाणं पायजे, नाव नको. आन तुमी बी तेच सांगाले आले. तुमी बी रोहितच निंगाले."

"तसं नाही, ताई..."

"तसंच आहे. फोटो हटनार नाही. ऑर्डर गेली तं जाऊ द्या. मी गाणं काय लपून आयकवाले बनवलं का?"

मी मान खाली घातली. एवढ्या वर्षांत मला इतकं सरळ कोणी सुनावलं नव्हतं, आणि ते सुनावणं मला लागलंच होतं.

ऑर्डर गेली. दोनशे वाट्या दुकानात पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर सगळ्यांनी नाकारलेलं कव्हरच ताईंनी मोठं करून त्याचा बॅनर बनवला होता आणि दुकानाच्या वर, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक टेम्पोवाल्याला दिसेल असा टांगला होता. खाली लिहिलं होतं: 'स्वतःचं नाव सांगा, वाटी घेऊन जा. सगळ्या बायांना वाण.'

सगळ्या. या शब्दाखाली त्यांनी लाल रेघ मारली होती.

दुपारपर्यंत कोणी आलं नाही. शेजारचे दुकानदार हसत होते. मग त्याच गल्लीत झाडू विकणाऱ्या एक आजी पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. कपाळ मोकळं.

"मले बी भेटते का वं?"

"भेटते ना आजी. नाव सांगा."

"झाडूवाली लिव."

"तो धंदा झाला. नाव?"

आजींना क्षणभर आठवावं लागलं. "इंदिरा."

मी मोबाइलचा कॅमेरा सुरू केला. मशीन किर्र वाजली. मागे दुकानात गाणं चालू होतं. आजींनी वाटी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि विचारलं, "कुठून सुरू होते?" त्यांना वाचता येत नव्हतं. ताईंनी त्यांचं बोट धरलं आणि एकेका अक्षरावरून फिरवलं. इं, दि, रा.

चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. आजींना दाखवला, पाठवू का म्हणून विचारलं. "पाठव गा," त्या म्हणाल्या, "माही वाटी दिसली पायजे." मी एकही कट केला नाही, मशीनचा आवाजही ठेवला. रोहितने सांगितलं होतं की पहिल्या तीन सेकंदांत ऐकणाऱ्याला धरणारं काहीतरी हवं, त्याला हुक म्हणतात. ती किर्रच हुक ठरली. रेकॉर्डिंगच्या वेळी ताईंनी मशीन सोबत आणून गाण्यात वाजवली होती आणि मी तो आवाज कचरा म्हणून साफ केला होता, हेही कबूल करून टाकतो.

बायकोने तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला. तिच्या बहिणीने उचलला. मग तो कुठे कुठे गेला ते मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग होती. कुंकू लावलेल्या, न लावलेल्या, कॉलेजच्या पोरी, नर्सच्या ड्रेसमधल्या बाया. प्रत्येकीचं नाव टाकताना तिची मैत्रीण शूटिंग करायची आणि मागे आपोआप आमचं गाणं यायचं. दोनशे वाट्या कधीच संपल्या. मग बाया घरून स्वतःचे गंज घेऊन यायला लागल्या.

एक काम मी नीट केलं. प्रत्येकीला ताईंचा नंबर सेव्ह करायला लावला. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट असते. एक निरोप लिहिला की प्रत्येकीला वेगळा पोचतो, पण जिने तुमचा नंबर सेव्ह केलाय तिलाच. त्यामुळे तिथे बनावट फॉलोअर चालत नाहीत. नवीन गाणं झालं की ताई आता आधी तिथे पाठवतात.

रोहितचा मेसेज आला. 'जबरदस्त कॅम्पेन! आमच्या प्रेझेंटेशनमध्ये वापरू का?' मी ताईंना वाचून दाखवला.

"वापर म्हना," ताई म्हणाल्या. "फोटोसकट."

रथसप्तमीच्या दिवशी, म्हणजे हळदीकुंकवाच्या शेवटच्या दिवशी, कल्पनाताई आल्या. रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर पिशवीतून पितळी डबा काढला. बॅनरकडे बघणं टाळत होत्या.

"काय टाकू?" मंगलाताईंनी विचारलं.

"सौ. कल्पना..."

"सौ. नाही टाकत मी. नुसतं नाव."

मला वाटलं, आता डबा परत पिशवीत जाणार. कल्पनाताईंनी पहिल्यांदा वर बॅनरकडे पाहिलं. मग डबा पुढे सरकवला.

"टाक वं. कल्पना."

मशीन सुरू झाली. डबा घेताना कल्पनाताई म्हणाल्या, "मंडळाचा कार्यक्रम ठेवते. गायला येशील?"

"बोर्डावर फोटो लावसान तं येईन."

बोर्डावर फोटो लागला. तो केवढा असावा हे मंगलाताईंनीच सांगितलं होतं.

आता माझ्याकडे पोरं येतात आणि विचारतात, "भाऊ, फॉलोअर कसे वाढवायचे?" मी क्यूआर कोड सांगतो, लिस्ट सांगतो, पहिले तीन सेकंद सांगतो. ते सगळं कामाचं आहे आणि एका दुपारी शिकता येतं. शेवटी एवढंच म्हणतो की तुमचं गाणं हवं पण तुम्ही नको असं म्हणणारा भेटेल, तो मोठ्या ऑफिसात असेल किंवा तुमच्याच स्टुडिओत बसला असेल. त्याचं ऐकू नका. मी स्वतः तसं म्हणालो होतो, म्हणून सांगतो.